निळ्या केसांच्या गायिकेची जागेवर तपासणी

पंप बोलतो. हे वाक्य मी कुठेही उच्चारलं की लोक एकमेकांकडे बघतात, पण त्याला माझा इलाज नाही. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासनीस आहे आणि आमच्या कारखान्यातला एकही पंप माझ्या कानाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. कानाखालून हा शब्द इथे चांगल्या अर्थाने घ्यावा. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू पंपाच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मग बेअरिंग कोरडं आहे, दांडा तिरका बसलाय, की जोडणारा घरून भांडून आल्यामुळे त्याने नट जरा जास्तच आवळलाय, सगळं आतून ऐकू येतं. साहेब लोक मला नावं ठेवतात, पण मी परत पाठवलेला पंप निमूटपणे परत नेतात.

तर अशा माझ्यासारख्या माणसाला घरात एका संध्याकाळी जेवताना असं ऐकावं लागलं की, 'तुम्ही कुणाचं ऐकतच नाही.'

झालं होतं एवढंच की माझ्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने फोनवर एक गाणं लावलं होतं. गाणारी कोण, तर जिचं मोठं चित्र लेकीच्या खोलीच्या दारावर चिकटवलंय ती निळ्या केसांची बाई. मी पोळी तोडता तोडता म्हणालो, "ही बाई किंचाळते."

लेकीने चमचा खाली ठेवला. "बाबा, तिला काय येतं आणि काय येत नाही, तुम्हाला माहीत आहे का? तिचं एक तरी गाणं पूर्ण ऐकलंय तुम्ही?"

"पूर्ण कशाला ऐकायला हवं?"

"तेच म्हणते मी. पंपाचं ऐकता ना, तेवढंही तुम्ही घरात कुणाचं ऐकत नाही."

ती उठून गेली आणि दार लागलं. त्या दिवसापासून ते दार लागलेलंच असे. गाणी दाराआड वाजत आणि माझ्या वाट्याला 'हो', 'नाही' आणि 'ठेवलंय टेबलावर' एवढेच शब्द येत. पूर्वी हीच मुलगी बुटांचे बंदसुद्धा सोडू द्यायची नाही, दारातच दिवसभराचं सगळं सांगून टाकायची. मी तेव्हा 'हं, हं' करत असे हे खरं, पण ते 'हं' मनापासून असायचं. आता घर इतकं गप्प झालं की मला जेवण जाईना. मला माझ्या लेकीचं बोलणं परत हवं होतं. बाकी कशाचं काही नव्हतं.

"जाऊन सॉरी म्हणा," बायको म्हणाली.

"तपासनीस सॉरी म्हणत नसतो," मी म्हणालो. "तो फेरतपासणी करतो."

निर्णय झाला. त्या निळ्या केसांच्या गायिकेच्या गळ्याची संपूर्ण तांत्रिक तपासणी करायची. गुण कोणते, दोष कोणते, माल स्वीकृत की परत, सगळं शिस्तीत लिहायचं आणि लेकीपुढे ठेवायचं. बाप ऐकतो की नाही ते तिला आपोआप कळेल.

"मग लावा की तिचं गाणं फोनवर आणि ऐका," बायको म्हणाली. "मी लावून देऊ?"

आता हिला कसं समजावणार! आमच्या धंद्यात पहिला नियम असा की कंपनीने स्वतःहून पाठवलेला नमुना कधी तपासायचा नाही. तो घासूनपुसून, रंग मारूनच आलेला असतो. माल जिथे रोजच्या वापरात आहे तिथे, चालू स्थितीत, झाकण न उघडता तपासायचा. यंत्र उघडून दोष सांगणारे गल्लोगल्ली मिळतात. बंद यंत्राबाहेर उभं राहून जो दोष सांगतो तो तपासनीस. आणि निळ्या केसांचा माल आमच्या घरात कुठे वापरात होता? लेकीच्या बंद खोलीत. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्या खोलीच्या भिंतीपाशी उभा राहिलो.

"अहो, मुलीच्या भिंतीला कान लावून काय उभे राहता? बरं दिसत नाही."

"कान नाही लावलेला. स्क्रूड्रायव्हर लावलाय."

बायकोने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग का कोण जाणे, हसून आत निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा हसण्याचा अर्थ मी शोधत बसत नाही.

पण मी घरी आलो की गाणं थोड्या वेळात बंद पडे. नमुना अपुरा पडायला लागला. म्हणून कारखान्यातलं आवाज टिपायचं यंत्र आणायचं ठरवलं. पंपाच्या अंगाला चिकटवून ठेवायचं, ते दिवसभर आतलं टिपत राहतं. यंत्र माझ्याच टेबलावर असतं, मीच ते वापरतो, पण ते कारखान्याच्या फाटकाबाहेर न्यायचं म्हणजे स्टोअरकीपरचा परवाना लागतो.

"कोणत्या पंपासाठी?" स्टोअरकीपरने विचारलं.

"पंप नाही. एका गायिकेचा आवाज तपासायचाय."

त्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, इथे पंपाचा प्रकार लिहावाच लागतो. त्याशिवाय परवाना फाटत नाही. आडवा की उभा?"

मी दारावरचं चित्र आठवून बघितलं. "उभा."

"घरगुती की औद्योगिक?"

"घरगुती."

अशा रीतीने ती जगप्रसिद्ध बाई आमच्या कारखान्यात 'उभा, घरगुती' म्हणून नोंदली गेली. प्रकरण एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण ज्या पंपासाठी यंत्र बाहेर जातं त्याची बातमी दुरुस्ती खात्याला आपोआप जाते, हे मी विसरलो. तिथल्या इंजिनियरचा फोन आला. अत्यंत कर्तव्यदक्ष मुलगा, विनोदबुद्धी मात्र शून्य.

"सर, तुमच्या घरचा पंप आमच्या यादीत नाही. तक्रार काय आहे?"

"तक्रार अशी नाही. वरच्या पट्टीत दाब उत्तम आहे."

"गळती?"

"ओळीच्या शेवटी हवा निसटते थोडी."

"मग सील गेलंय, सर. मी नवीन घेऊन येतो."

मी नको म्हणालो. तो 'बरं' म्हणाला, पण दुरुस्ती खात्याचं 'बरं' हे नेहमी 'येतोच' असं ऐकावं लागतं.

यंत्र मी चपलांच्या कपाटामागे, लेकीच्या खोलीच्या भिंतीला चिकटवलं. सकाळी चालू करायचं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, कानाला लावून ऐकायचं. आणि काय सांगू, काम रंगत गेलं. मी पहिल्यांदाच एक गाणं अथपासून इतिपर्यंत ऐकलं, मग तेच पुन्हा, मग पुन्हा. बाई किंचाळत नव्हती. ती खालच्या जाड आवाजातून वरच्या बारीक आवाजात जाई तेव्हा मध्ये झटका बसत नसे. हे सोपं नाही. आमच्याकडे गिअर बदलताना असं व्हावं म्हणून माणसं निवृत्त होईपर्यंत झटतात. सूर ती थेट पकडायची, आधी खाली चाचपडून मग वर सरकणं नाही. आणि हळू आवाजात लांबवलेला सूर, तो तर थरथरत नसे अजिबात.

दोषही होते. तिसऱ्या ओळीच्या आधी श्वास घ्यायचं राहून जाई आणि मग ओळीचा शेवट उपाशी पडे. शब्दांची शेवटची अक्षरं ती गिळायची. शिवाय मालात सातत्य नव्हतं. तेच गाणं आज एक, उद्या वेगळं! फोनवर ऐकणाऱ्या भाबड्या लोकांच्या हे कधी लक्षात आलं नसेल, आणि याचसाठी मी जागेवरच्या तपासणीचा आग्रह धरतो.

पण सर्वांत मोठा दोष काही केल्या सुटेना. गाणं भरात आलेलं असे, कधी दुसऱ्या कडव्यात, कधी तिसऱ्या, आणि एकदम आवाज दबे. बसकणच मारी. निम्मा होई, मग पुटपुटल्यासारखा, मग बंद. त्याआधी दर वेळी 'खट्' असा एक ठोका येई. तो बेतालच असे, तेव्हा ड्रम वाजवणारा नवीन असावा असं मी धरलं. पण आवाज का दबावा? श्वास होता, सूर होता, दाब होता. मला रात्री झोप लागेना, म्हणून मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या गाणेबाईंकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलंय आणि अजूनही त्या सगळ्या इमारतीशी वर्गातल्यासारख्या बोलतात.

"तुम्ही स्वतः गाऊन बघितलंत का ते गाणं?" त्यांनी विचारलं.

"मी पंपात पाणी होऊन शिरत नाही, बाई."

"मग तुम्हाला कळणार नाही. पोटातून श्वास घ्या, खांदे उचलू नका आणि वरचा सूर लावून बघा. कुठे अडतं ते कळेल."

सल्ला पटला. घरी शक्य नव्हतं, म्हणून मी कारखान्यातल्या चाचणी विभागात, सगळ्यांत मोठ्या पंपाशेजारी उभा राहिलो. त्याच्या घरघरीत तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. पोटातून श्वास घेतला, खांदे खाली ठेवले आणि त्या बाईचा सगळ्यात वरचा सूर जीव तोडून लावला. त्याच क्षणी पाळी संपली आणि कुणीतरी पंप बंद केला.

सूर मात्र चालू होता. सगळा विभाग माझ्याकडे बघत होता. आता मध्येच थांबलो तर घाबरून थांबलो असं दिसेल, म्हणून मी तो सन्मानाने शेवटपर्यंत नेला. एक जण प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आला. संध्याकाळपर्यंत माझ्या गळ्यातून आवाज येईनासा झाला.

खालच्या मजल्यावरच्या घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत बघितलं. "आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कशाने झालं?"

मी खुणेने वर बोट दाखवलं. सूर वरचा होता असं मला म्हणायचं होतं. त्यांना वाटलं मी देवाला दोष देतोय.

याच सुमाराला इमारतीच्या सेक्रेटरींनी मला बाहेरच्या मोकळ्या जिन्यात, लेकीच्या खिडकीखाली, स्क्रूड्रायव्हर लावताना पकडलं. बोलता येत नसल्यामुळे मी त्यांना तयार अहवालच वाचायला दिला. मला वाटलं होतं प्रकरण समितीपुढे जाणार. पण त्यांचे डोळे चमकले.

"साहेब, हे घरात ठेवायचं काम नाही. खालच्या हॉलमध्ये रहिवाशांसमोर वाचायचं. सॅम्पल पण ऐकवायचं."

मी हाताने नकार दिला. मग थोडा कमी नकार दिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. शिवाय सगळ्यांदेखत वाचलं तर लेकीला ऐकावंच लागेल, हाही हिशेब होता.

हॉल मिळायला मात्र अडचण आली. गाण्यावर काही करायचं तर नियमाप्रमाणे ते 'मनोरंजन' होतं आणि मनोरंजनाला प्रत्येक घराची संमती लागते. 'समस्या' असेल तर काहीच लागत नाही. तेव्हा सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं: 'आवाजाची समस्या: तज्ज्ञांचे मार्गदर्शन'. परिणामी रविवारी हॉल खचाखच भरला, पण निम्मे लोक समोरच्याचं कुत्रं, वरच्याचा मिक्सर आणि शेजारच्याचं ड्रिल यांच्या तक्रारी घेऊन आले होते. मागच्या रांगेत दुरुस्ती खात्याचा इंजिनियर बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत सील.

मी पहिल्या रांगेत. गळ्याला मफलर. आणि आता अहवाल वाचणार कोण? मी बायकोकडे बघितलं.

"माझा चष्मा घरी राहिला," ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. "हिला द्या."

'ही' म्हणजे लेक. आईने ओढून आणलं म्हणून ती आली होती आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने कागद घेतले, माझ्याकडे बघितलंही नाही आणि मागायला आलेल्याला सुट्टे नाहीत सांगावं तशा आवाजात वाचायला लागली.

"गुण. एक. खालच्या आवाजातून वर जाताना झटका नाही. असे काम आजवर पाहिले नाही." ती थांबली. मग जरा सावकाश, "दोन. सूर थेट पकडते. चाचपडत नाही. तीन. हळू आवाजात लांबवलेला सूर... हा सूर ऐकताना मी जेवायचे विसरलो."

आता तिने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी. मी मफलर सारखा केला.

"सॅम्पल!" सेक्रेटरी ओरडले आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

हॉलमध्ये गाणं भरून राहिलं. पहिलं कडवं, ध्रुवपद. कुत्र्याची तक्रार घेऊन आलेले गृहस्थही मान डोलवायला लागले. लेकीच्या मात्र कानांपर्यंत रंग चढला होता. तेवढ्यात गाणेबाई उठून उभ्या राहिल्या.

"थांबा! ही ती बाई नव्हेच. माझी नात दिवसभर तिला लावून बसते, मी ओळखते ना तिला. वाजवणारे तिचे असतील. गळा कोवळा आहे हा. कुणाचा आहे?"

माझ्या कानांवर भरसभेत संशय! मी ताडकन उभा राहिलो, हात उंचावले, तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. लोकांना वाटलं मला पाणी हवंय. तीन बाजूंनी पेले आले.

"माझा आहे," लेक म्हणाली.

यंत्र चालूच होतं. दुसरं कडवं भरात आलं होतं. खट्. आणि आवाज दबला.

"ऐकलंत?" सेक्रेटरी म्हणाले. "हाच तो अहवालातला चुकीचा ठोका."

"तो ठोका नाही," लेक म्हणाली. "ते आमच्या दाराचं कुलूप आहे."

मी खाली बसलो. हातात पेला होता, तो कुणीतरी काढून घेतला. लेकीने शेवटचा कागद वर घेतला आणि वाचलं, "दोष, सर्वांत मोठा. गाणे भरात असताना आवाज अचानक दबतो. श्वास, सूर, दाब, सर्व ठीक. पुष्कळ विचार केला. कारण सापडले नाही." मग ती अगदी हळू म्हणाली, "कारण मला माहीत आहे. तेव्हा बाबा घरी येतात."

मी इतकी वर्षं बंद यंत्रांतले दोष सांगत आलो, पण दोष यंत्राबाहेर उभा आहे असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि ते सांगायला माझ्याच मुलीला माझाच अहवाल वाचावा लागला.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकली. "सर," इंजिनियर पिशवी उघडत म्हणाला, "म्हणजे सील बदलायचं नाही ना आता?"

लेक हसली. आधी हुंदक्यासारखी, मग मोठ्याने, मग पोट धरून. तिच्यामागे सगळा हॉल हसला. गाणेबाईंनी मात्र टाळी वाजवून वर्ग शांत केला. "हसणं पुरे. मुली, ते गाणं आता इथे उभी राहून पूर्ण म्हण. तिसऱ्या ओळीआधी श्वास घे. तुझ्या बापाने बरोबर पकडलंय ते."

बरोबर पकडलंय! हे सगळ्यांनी ऐकलं याची मी खात्री करून घेतली. मग मी उठलो आणि दाराकडे निघालो. दोषाचं कारण कळल्यावर ते कारण जागेवरून हलवायचं, ही आमची पद्धत आहे.

"बाबा," लेक म्हणाली. "कुठे चाललात? बसा ना."

मी बसलो. तिने डोळे मिटले, तिसऱ्या ओळीआधी श्वास घेतला आणि ओळीचा शेवट या वेळी पोटभर जेवलेला निघाला. दुसऱ्या कडव्यात तिने डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखून धरला. आवाज दबला नाही.

घरी येताना जिन्यात मी बायकोला खुणेने विचारलं, तुला माहीत होतं?

"रोज ऐकत होते की मी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी सांगणारच होते. पण तुम्ही पोरीचं एवढं मन लावून ऐकताय, हे मी पहिल्यांदा बघत होते. म्हटलं, ऐकू दे."

माझ्या तपासणीबद्दल लोक आता काहीबाही बोलतात. बोलोत. अहवालातलं एकही वाक्य मला बदलावं लागलेलं नाही. तपासणी अचूक होती, फक्त शिक्का दुसऱ्या नगाचा होता. तो मी खोडला, वर लेकीचं नाव घातलं आणि खाली 'स्वीकृत' असं लिहून सही केली. स्टोअरकीपरने यंत्र परत घेताना पंप सुरळीत आहे का विचारलं. मी हो म्हणालो.

माझा आवाज परत आल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी मी घरी आलो तर आत गाणं चालू होतं. दुसरं कडवं. मी किल्ली हातात धरून दाराबाहेर उभा राहिलो, बराच वेळ. शेजारचे डोकावून गेले. शेवटी धीर करून किल्ली फिरवली. खट्.

आतला आवाज दबला नाही. उलट अख्ख्या इमारतीला जावा असा वर चढला. त्या शेवटच्या सुरावर ती जराशी किंचाळली खरी, पण ते मी अहवालात घेतलेलं नाही.